उजवीकडची खिडकी

माझं डोकं दुखायचं ते नेहमी एकाच वाटेने. आधी मानेच्या मागे, डाव्या अंगाला, जिथे अंबाडा टेकतो तिथे काहीतरी आखडल्यासारखं व्हायचं. मग ते कानामागून वर चढायचं आणि डाव्या भुवईवर येऊन बसायचं. एकदा बसलं की दिवस मावळेपर्यंत उठायचं नाही.

सगळे अर्धशिशी म्हणाले. मोठी जाऊ आमच्याच अंगणात पलीकडच्या घरात राहते, तिने सुंठ उगाळून कपाळावर लेप दिला. कोणी डोळ्यांचा नंबर वाढला म्हणालं, म्हणून चष्मा आणला. चष्म्याने सुईत दोरा ओवता यायला लागला, डोकं होतं तसंच राहिलं. मलम तर इतकं लावायची की उशीला, पदराला, हातालाही त्याचा वास लागला. आमचे घरचे, म्हणजे माझे यजमान, जेवताना म्हणायचे, "तुया हातचा भात खाल्ला का सर्दी मोकळी होते."

शेवटी तालुक्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी डोळे पाहिले, बीपी पाहिलं, मग माझ्या मानेच्या मागे अंगठा दाबला आणि मी ओरडले. कपाळावरचं दुखणं तिथे, त्यांच्या अंगठ्याखाली होतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत पाठवलं. तिचं खरं नाव फिजिओथेरपी, पण आमच्या भागातले लोक तिला शेकाची खोली म्हणतात.

जाऊ माझ्यासोबत आली होती. ती तिथल्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आयकलं का वं, डोकं दुखते अन् मान शेकाले पाठवते! उद्या पोट दुखलं त पाय दाबाले पाठवतीन."

बाक हसलं. मी चपलांकडे पाहत राहिले.

शेकाच्या खोलीत एक तरुण मुलगी होती. माझ्या लेकीपेक्षाही लहान असेल. पांढरा कोट, केसांची एकच वेणी, हात मात्र जाड आणि गरम. मला मावशी म्हणाली. उताणी झोपवलं, माझं डोकं दोन्ही हातांत उचलून घेतलं, हनुवटी छातीला लावली आणि हळूच उजवीकडे वळवलं. मान गेली. मग डावीकडे वळवलं. मान थोडी गेली आणि अडली. पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीला घासून थांबतं, तशी.

"इथंच आहे," ती म्हणाली. "मानेच्या सगळ्यात वरच्या मणक्यांमध्ये."

मला ते पटत नव्हतं. दुखतं पुढे आणि खराबी मागे कशी? तिने समजावलं की मानेच्या वरच्या भागाच्या नसा आणि कपाळाच्या नसा आत एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे दुखणं नेमकं कुठून येतं ते डोक्याला कळत नाही. मला आमची चक्की आठवली. मोटर एका कोपऱ्यात फिरते आणि पट्ट्याने जातं दुसऱ्या कोपऱ्यात फिरतं. न माहीत असलेला माणूस जात्याकडेच पाहत राहील. तेवढ्यावर मला समजलं. पण हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

तिने गरम पिशवी टॉवेलात गुंडाळून मानेखाली ठेवली. ती निवल्यावर माझ्या डोक्यामागे बसली आणि दोन्ही हातांची बोटं कवटीच्या कडेखाली लावून तशीच थांबली. दाबत नव्हती, चोळत नव्हती. माझ्याच डोक्याचं वजन तिच्या बोटांवर उतरत होतं. "डोकं मला देऊन टाका मावशी," ती म्हणाली, "तुम्ही अजून धरूनच ठेवलंय." मला देता येईना. माझ्या आईने न्हाऊ घालताना धरलं होतं, त्यानंतर माझं डोकं असं कोणी हातात घेतलं नव्हतं. बऱ्याच वेळाने ते सुटलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानात गेलं. तिने टॉवेलाच्या टोकाने कान पुसला.

मग उठवून बसवलं आणि व्यायाम दाखवला. नजर समोर ठेवायची, हनुवटी आत ओढायची, दहा आकडे मोजायचे, सोडायची. "कोणी नावडती वस्तू नाकासमोर आणली तर आपण कसे मागे होतो, तशी." मला पहिल्यांदाच जमलं. मागे सरायची मला सवय आहे.

त्यानंतर तिने विचारलं, "मावशी, तुम्ही सारख्या उजवीकडे वळता. दिवसभर. मान तशीच बसून गेली आहे. तुमच्या उजवीकडे असतं तरी काय?"

दार उघडं होतं. बाकावर जाऊ कान देऊन बसली होती.

"खिडकी," मी म्हणाले.

खोटं नव्हतं. आमच्या खाटेच्या उजव्या अंगाला खिडकी आहे, तिच्यातून बोडीचं, म्हणजे गावच्या लहान तळ्याचं, पाणी दिसतं. पण माझ्यात आणि खिडकीत मधे आमचे घरचे असतात.

हे मला आता नीट सांगितलं पाहिजे.

घराला लागून छपरीत आमची चक्की आहे. एका बाजूला पिठाचं जातं, दुसऱ्या बाजूला धान कांडायची मशीन. नवीन धान घरात आले की ती मशीन सकाळी सुरू होते आणि दिवस बुडेपर्यंत थांबत नाही. हे नेहमी एकाच जागी उभे राहतात, मशीन त्यांच्या उजव्या हाताला. वीस-बावीस वर्षं उजवा कान त्या आवाजाजवळ राहिला आणि एक दिवस कामातून गेला. कोणत्या दिवशी, ते त्यांना माहीत नसेल, मला माहीत आहे. लाईन गेली होती, मशीन बंद होती. मी चहा घेऊन त्यांच्या उजव्या अंगाला उभी राहिले आणि म्हणाले, "चहा आणला जी." हे हातातल्या कोंड्याकडे पाहत राहिले. मी पुन्हा म्हटलं. चहावर साय धरली. मग मी फिरून डाव्या अंगाला गेले आणि तेच म्हटलं, तर लगेच वळले, "केव्हा आली वं?"

मी "आत्ताच" म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी डावीकडूनच जाऊ लागले. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढे त्यांना स्वतःलाच कळलं असणार, पण गावाला कळू दिलं नाही. उजवीकडून कोणी बोललं आणि यांनी उत्तर दिलं नाही, की लोक म्हणायचे, चक्कीवाल्याचा रुबाब वाढला. यांना रुबाब चालायचा, बहिरा चालला नसता. कोणी घरी आलं की मीच खुर्ची डावीकडे सरकवून ठेवायची.

आणि माझा आवाज मुळातच लहान. पवनीकडच्या माझ्या गावात चौथीपर्यंत शाळा होती, तिथे माझी कविता ऐकायला गुरुजी टेबलावरून खाली वाकायचे. ओरडून बोलणं मला जन्मात जमलं नाही. म्हणून मी त्यांच्या डाव्या कानाशी बोलायला लागले. जेवताना डाव्या बाजूला. खाटेवर डाव्या बाजूला. गाडीवर मागे बसले की पाय डावीकडे आणि मान उजवीकडे वळवून तोंड त्यांच्या डाव्या खांद्याशी. दिवसभरात बाहेर मी दहा वाक्यंही बोलत नसेन. त्या कानात मात्र सगळं बोलायची. मुंगन्याला, म्हणजे शेवग्याला, फुलं आली. जावेच्या सुनेने आज दोनदा माहेरी फोन केला. गाय डावा पाय जपून टाकते. स्वप्नात माझी आई आली होती आणि तिने नवीन चप्पल घातली होती. हे "हूं" म्हणायचे. कधी "मंग?" म्हणायचे. "मंग?" म्हटलं की मला फार बरं वाटायचं.

आता हे सगळं दवाखान्याच्या बाकासमोर कसं सांगायचं?

परत येताना जाऊ फाटकातूनच यांना म्हणाली, "भाऊजी, तुमच्या बायकोले खिडकीनं मारलं! रातदिवस खिडकीतून पायते म्हणते. बोडीत काय ठेवलं हाय, विचारा त."

यांनी एकदा माझ्या मानेकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी पाणी भरून आले तर खोलीत अंधार. त्यांनी खिडकीला आतून लाकडाची फळी लावली होती. चार कोपऱ्यांना चार खिळे, आणि फटींमध्ये पोत्याचे तुकडे कोंबलेले. थंडीचे दिवस होते. त्यांना वाटलं, बोडीवरचं वारं माझ्या मानेला लागतं. खिळे ठोकताना बोट चेचलं होतं, त्यावर चिंधी गुंडाळली होती.

"आता नाई येत वारं," ते म्हणाले. "आता थांबन."

सकाळचं ऊन त्या खिडकीतून त्यांच्याच अंगावर यायचं. उन्हात पाठ शेकल्याशिवाय ते खाटेवरून उठत नसत. माझ्या एका शब्दापायी ते गेलं. मी त्या चिंधीकडे पाहिलं आणि तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आठवड्यातून दोनदा मी शेकाच्या खोलीत जात राहिले. शेक झाला की ती मुलगी माझ्या मानेच्या वरच्या मणक्याला अंगठा लावून हलके हलके ढकलायची, जणू झोपलेल्या माणसाला उठवते आहे. तेवढ्या दिवसापुरतं बरं वाटायचं. घरी आल्यावर जेवायला डावीकडे बसायची, मान वळवून बोलायची आणि सकाळी पुन्हा आखडायचं.

तिने मग मला एक वही दिली. पानावर रेघा मारून तीन खाने केले. कोणत्या दिवशी दुखलं, किती दुखलं, काय करत असताना दुखलं. "लिहिता येतं ना मावशी?" म्हणाली. मी मान हलवली. चौथीनंतर सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी "मंगळवार" लिहायला मला दळण उतरेपर्यंतचा वेळ लागला. पण हात लवकर सरावला. पहिले दोन खाने भरायला काही अडचण नव्हती. तिसऱ्या खान्याशी पेन थांबायचं. तिथे खिडकी लिहावं तर लिहवत नव्हतं. तोंडाने एकदा बोललं ते वाऱ्यावर जातं, पण लिहिलेलं मी स्वतःच पुन्हा वाचणार होते. मी लिहिलं, बोलताना. दुसऱ्या दिवशीही बोलताना. खाली खाली तेच.

पुढच्या वेळी जाऊ आली नव्हती. त्या मुलीने वही वाचली, दार लोटलं आणि स्टूल ओढून बसली.

"बोलताना? कोणाशी मावशी?"

मी सांगितलं. कानापासून फळीपर्यंत सगळं. इतकं परक्या माणसाशी मी कधी बोलले नव्हते. ती हसली नाही. फळीशी आल्यावर फक्त तिने ओठ दाबून धरले, नंतर तिचेच डोळे भरले.

"मी मान मोकळी करीन," ती म्हणाली, "आणि तुम्ही घरी जाऊन रोज परत तिकडेच वळवाल. मग ही कधीच सुटणार नाही. काही दिवस बाजू बदला. त्यांच्या उजवीकडे बसा, मान डावीकडे वळू द्या. आणि काकांचा कान दाखवून घ्या."

कान ते दाखवणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. आणि बाजू बदलायची म्हणजे न ऐकणाऱ्या कानाशी बोलायचं. यांना खरं कारण सांगायचं, तर त्याची मला जास्त भीती होती. एकदा चक्कीत चहा नेताना माझा हात गरम पत्र्याला लागून भाजला होता, तर त्या दिवसापासून त्यांनी चक्कीत चहाच सोडला. माझ्या बोलण्याने मला दुखतं असं कळलं असतं, तर त्यांनी माझं बोलणंही असंच सोडलं असतं, एका शब्दाने न सांगता. डोकं दुखणं मला चाललं असतं. ते "मंग?" गेलेलं चाललं नसतं.

म्हणून न सांगताच बाजू बदलून पाहिली. जेवायला उजवीकडे बसले. यांनी एकदा डावीकडच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं आणि जेवू लागले. मी डावीकडे मान वळवून, जमेल तेवढी, बोलत राहिले. मुंगन्याच्या शेंगा उतरवायला झाल्या. गाईचा पाय बरा आहे. दोन दिवस असं केलं. तिसऱ्या दिवशी हात धुताना ते म्हणाले, "फार दुखून रायलं का वं? दोन दिवस झाले, तोंडातून शब्द नाई काढला तू."

मी दोन दिवस सारखी बोलत होते.

त्याच दुपारी लाईन गेली. मशीन धापा टाकत थांबली आणि गावभर शांतता झाली. दळणवाल्या बाया डबे ठेवून घरी गेल्या. मी चक्कीत गेले. हे पोत्यावर बसले होते, भुवयांवर कोंडा. मी डाव्या बाजूला बसले, आता शेवटचंच म्हणून, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"खिडकी नव्हती जी."

"काय नव्हती?"

"मी खिडकीकडे नाई वळत. तुमच्याकडे वळते. बोलाले. तिकडचा कान..." मी त्यांच्या उजव्या कानाकडे बोट केलं.

ते चेचलेल्या बोटाचं काळं पडलेलं नख चोळत राहिले.

"म्हणजे मायाच्यानं दुखते तुले."

"तुमच्याच्यानं नाई. मान वळते म्हून दुखते."

"किती वर्सं झाली?"

"मोजली नाई."

"अन् म्या खिडकीले खिळे ठोकले," ते म्हणाले आणि उठून घरात निघून गेले.

मला वाटलं, झालं. आता चहासारखंच. मी पोत्यावर तशीच बसून राहिले. आतून खिळे उपटायचा आवाज यायला लागला. चार खिळे मी मोजले. मग फळी जमिनीवर टेकल्याचा आवाज, आणि खोलीतून उजेडाचा एक पट्टा छपरीच्या दारापर्यंत आला.

हे बाहेर आले ते दळणाचा एक रिकामा पत्र्याचा डबा उचलून. तो माझ्यासमोर उलटा ठेवला आणि त्यावर बसले. माझ्या गुडघ्याला त्यांचा गुडघा लागत होता.

"आता बोल."

"इथून आयकू येईन?" मी विचारलं.

"आयकाचं काम नाई. तोंड पाहून समजते मले. मशीन चालू असली का इथं कोनाले आयकू येते? बाई म्हणते बारीक दळा, जाडं दळा, म्या तोंडच पायतो. साऱ्या गावाचं तसंच आयकतो म्या."

"मंग मले काहून नाई सांगतलं जी? मी येवढी वर्सं कानात..."

ते दुसरीकडे पाहून भुवया झाडू लागले. कोंडा उडाला.

"मले वाटे, तुले तसंच बोलाले आवडते," ते म्हणाले. थोड्या वेळाने, आणखी हळू, "मले बी आवडे."

लाईन अजून आली नव्हती. माझी मान सरळ होती, हनुवटी जागेवर होती, त्या मुलीने पाहिलं असतं तर खूश झाली असती. पण तोंडातून शब्द निघेना. कानाशी बोलणं सोपं असतं, कान काही पाहत नाही. इतक्या वर्षांत बोलताना यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं आणि मी यांचं. "हूं" म्हणताना त्यांची भुवई किंचित वर जाते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी पदर ओढला आणि तोंडासमोर धरून म्हटलं, मुंगन्याच्या शेंगा उतरवायच्या आहेत.

"पदर काढ वं," ते म्हणाले, "आयकू नाई येत."

मी पदर काढला. पुन्हा म्हटलं. ते माझ्या ओठांकडे नीट पाहत होते, धान पारखतात तसे, आणि मला इतकी लाज वाटली की मधेच हसू आलं आणि वाक्य मोडलं.

"मंग?" ते म्हणाले.

शेकाच्या खोलीत मी अजून जाते, आता पंधरा दिवसांतून एकदा. डावीकडे मान बरीच वळते. थंडीत आणि धानाच्या रोवणीनंतर थोडं आखडतं, तेव्हा गरम पाण्याचा शेक घेते, भिंतीला पाठ लावून हनुवटी आत ओढते आणि दहा आकडे मोजते. कान मात्र यांनी अजून दाखवला नाही. मी विषय काढला की ते डबा सोडून उठतात आणि मशीन सुरू करतात.

ती वही त्या मुलीने परत मागितली नाही. खाने भरून गेल्यावर मी रेघांच्या बाहेर लिहायला लागले, त्यातच हे लिहिते आहे. ज्या दिवशी खिळे निघाले त्या दिवसाच्या पानावर "किती दुखलं" हा खाना रिकामा आहे. "काय करत असताना" यात मात्र मी लिहून ठेवलं आहे, समोर बसले होते.